भिशी मोडावी का?

ताई, नमस्कार. आम्ही नाशिकचे. मिस्टरांना उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी बेळगावला आलो, हिंदवाडीत फ्लॅट घेतला भाड्याने. आमच्यासारखी महाराष्ट्रातून आलेली चौदा कुटुंबं मिळून दुसऱ्या शनिवारी भिशी करतो. कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, दोन घरं मराठा लाइट इन्फंट्रीतली. सुरुवातीला फार आधार वाटायचा. आता नुसतं रडगाणं चालतं. लाइटबिल कन्नडमध्ये, मुलांना शाळेत कन्नड, सिटी बसमध्ये सगळ्या बायका आधार कार्ड दाखवून फुकट जातात आणि मी पैसे काढले की अख्खी बस बघते. शुक्रवारी संध्याकाळी जो तो कोल्हापूर नाहीतर पुणे गाठतो. त्यात 1 नोव्हेंबरला भांडण झालं. काहींना काळ्या दिवसाच्या फेरीत जायचं होतं. काहींच्या ऑफिसात राज्योत्सव होता, ते म्हणाले आपण पाहुणे, यात पडायचं नाही. ग्रुपवर नको नको ते फॉरवर्ड आले आणि तीन घरं बाहेर पडली. शेजारी एक आजी आहेत, बेळगावच्याच, मराठी. त्यांच्यापाशी मी सीमाप्रश्नाबद्दल हळहळले तर म्हणाल्या, 'बदली झाली की तुम्ही जाणार, तुम्हाला काय त्याचं.' ते फार लागलं. भिशी माझ्या नावावर चालते. मोडून टाकू का?
— एक वाचक, हिंदवाडी

मोडू नका. पत्राच्या शेवटी तुम्ही तेवढंच विचारलंय, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. पण आहे तशी चालवूही नका.

पहिल्यांदा त्या आजींचं बघू. मला वाटतं पत्रातलं खरं दुखणं तिथे आहे. लाइटबिलाने कुणाचा जीव एवढा कासावीस होत नाही. कन्नड माणूस परका वाटेल याची तुमची तयारी होती. नाशिकहून निघताना तुम्ही मनाशी म्हणाला असाल, बेळगाव काय, आपलंच आहे. आणि नेमकं आपल्या भाषेतल्या माणसानेच दारात उभं केलं. ते लागणारच.

आता जरा त्यांच्या बाजूने बघा. आजी सत्तरीच्या घरात असतील तर कळायला लागल्यापासून त्यांनी हा वाद घरात ऐकलाय. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. म्हणून त्या तारखेला कर्नाटक राज्योत्सव करतं आणि इथले मराठी लोक काळा दिवस पाळतात. 1966 मध्ये हा वाद सोडवायला महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्या म्हणाला आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्राने तो मानला नाही. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढ्या वर्षांत पलीकडून किती पुढारी आले, 'सीमाबांधवांनो' म्हणून गळा काढला आणि सभा संपल्यावर गाडीत बसून कोल्हापूरच्या रस्त्याला लागले, हे त्या पिढीला पाठ आहे. 17 जानेवारीला हुतात्मा चौकात आणि 1 जूनला हिंडलग्याच्या स्मारकापाशी जी माणसं जमतात, त्यांच्यातल्या काहींच्या घरातलं माणूस 1956 च्या नाहीतर 1986 च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात गेलेलं असतं. तेव्हा महाराष्ट्रातून येणाऱ्या हळहळीने त्यांचं पोट केव्हाच भरलंय. आजींचा टोमणा तुम्हाला नव्हता हो, तुमच्या आधी येऊन गेलेल्यांना होता. तुम्ही फक्त समोर सापडलात.

त्यांच्याकडे परत जा. सीमाप्रश्न मात्र घरी ठेवून जा. 'आजी, तुमची मूळ गल्ली कुठली?' एवढं विचारा आणि मांडी घालून बसा. बेळगावच्या माणसाला गल्ली विचारली की तासाची निश्चिंती. त्या शहापूरच्या निघाल्या तर सांगतील की त्यांच्या आजोबांच्या वेळी शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडे. एका गावातून दुसऱ्यात जायचं म्हणजे राज्य बदलायचं. वडगाव-खासबागच्या असतील तर मागांची खटखट, साड्यांची पेठ, सगळं बाहेर येईल. मग जाताना त्या आपण होऊन म्हणतील, 'येत जावा की ओ.' बेळगावात हे आमंत्रण खरं असतं, पुण्यासारखं नसतं. (पुणेकर वाचकांनी पत्रं पाठवू नयेत, गेल्या वेळची अजून वाचतेय.)

आता गल्लीचा विषय निघालाच आहे तर सांगते. तुमची चौदाही घरं फ्लॅटमध्ये राहतात, असा माझा अंदाज. बेळगाव अजून गल्लीत राहतं. पंच कमिटी गल्लीची, गणपती गल्लीचा, वैशाखातल्या शिवजयंतीचा चित्ररथ गल्लीचा. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी कपिलेश्वर तलावाकडे सरकत असते आणि माणसं आपापल्या गल्लीचा गणपती येईपर्यंत रस्त्यावर ताटकळतात. फ्लॅटवाल्याला यातलं काही दिसत नाही, फक्त रात्री ढोल ऐकू येतो आणि झोपमोड होते. जवळची कुठलीही एक गल्ली धरा. वर्गणी मागायला पोरं येण्याची वाट बघू नका, आपण जाऊन द्या. पावती फाडणाऱ्या पोराला नाव विचारा, तुमचं सांगा. पुढच्या वर्षी तो तुम्हाला 'नाशिकच्या काकू' म्हणून ओळखेल. ओळखीला तेवढं पुष्कळ आहे.

भिशीकडे येऊ. चौदा घरांना एक साधी गोष्ट विचारून बघा. गॅसचा पत्ता कुणी बदलला? आधारवर अजून नाशिक, सातारा, लातूरच आहे ना? गाडीची पाटी एमएचच ना? माझी खात्री आहे, निम्म्याहून जास्त जण खाली बघतील. दोन वर्षं झाली तरी कागदावर तुम्ही सगळे तिकडेच राहताय. मग मन इकडे कसं राहील?

बसचंच घ्या. अख्खी बस तुमच्याकडे बघत नाही, एवढा वेळ कुणाला आहे? सीबीटीला, म्हणजे मुख्य बसस्थानकाला उतरायच्या आधी दारापाशी जागा मिळते का, याच विवंचनेत असतात सगळ्या. ते शून्याचं तिकीट शक्ती योजनेचं. जून 2023 पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना आहे, ओळखपत्रावर इथला पत्ता लागतो. तुम्ही अजून तीन-चार वर्षं राहणार असाल तर पत्ता बदला, तिकीट शून्य होईल. पैसे किती वाचतात ते सोडा. वाहकाने रोज विचारायचं आणि तुम्ही रोज 'नाही' म्हणायचं, हा खेळ तरी थांबेल. गाडीचंही तेच. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, असा कायदाच आहे. रोड टॅक्स भरावा लागतो म्हणून सगळे टाळतात, मला माहीत आहे. मग चौकात हवालदार दिसला की पोटात गोळा आणि तणावाच्या दिवसांत पाटी बघून कुणी काही करेल म्हणून वेगळा गोळा. केए 22 घेऊन टाका, दोन्ही गोळे जातील. लाइटबिलावर आकडा दर महिन्याला त्याच जागी छापतात. तो बघा आणि मोबाइलवरून भरा. त्याच्यावर अख्खा शनिवार घालवू नका.

शुक्रवारच्या गाडीबद्दल थोडं बोलते. आईवडील म्हातारे असतील तर जायलाच हवं, त्याला माझं काहीच म्हणणं नाही. पण दर शुक्रवारी? आठवडाभर गावाला नावं ठेवणारी हीच माणसं निघताना दोन किलो कुंदा बांधून घेतात, ही गंमत मी वर्षानुवर्षं बघतेय. जे जातात ते सोमवारी दमून येतात. जे राहतात त्यांना इमारत ओसाड वाटते. आणि शहर तर शनिवार-रविवारीच भेटतं. 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, नाटकं आहेत, व्याख्यानं आहेत, किल्ल्याचा तलाव आहे, येळ्ळूरचा राजहंसगड आहे. महिन्यातला निदान एक शनिवार-रविवार सगळ्यांनी इथेच काढायचा, असं भिशीत ठरवा. भिशीचा शनिवारच त्यासाठी धरला तर आणखी बरं.

कन्नड. इथे मी थोडी कडक बोलणार आहे.

गणपत गल्लीत सकाळी नऊच्या सुमारास जाऊन उभ्या राहा. आसपासच्या खेड्यांतल्या बायका फुटपाथवर पोतं अंथरून बसलेल्या असतात. मेथीची जुडी विकणारी बाई पहिल्या गिऱ्हाइकाला 'दहाला दोन' म्हणते, दुसरीला 'हत्तक्क एरडु', तिसऱ्या बुरखेवालीला 'दस के दो'. जुडीवर पाणी शिंपडताना हात थांबत नाही आणि भाषा बदलताना जीभ अडखळत नाही. ती शाळेत किती शिकली असेल? आणि तिच्याशी कन्नडमध्ये घासाघीस करणाऱ्यांत महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून लढणाऱ्या संघटनेचे कडवे कार्यकर्ते असतात, चांगले चाळीस-चाळीस वर्षं फेऱ्यांत चाललेले. त्यांचं भांडण सक्तीशी आहे, सरकारी कागद फक्त एका भाषेत देण्याशी आहे. शेजारणीच्या भाषेशी नाही. जिथे भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती 15 टक्के किंवा जास्त आहे तिथे त्यांच्या भाषेत कागदपत्रं द्यावीत, ही केंद्राची जुनी व्यवस्था आहे आणि इथले लोक तीच अंमलात आणा म्हणतात. हा झगडा करणारा माणूस घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कॅम्पात हिंदी बोलत असतो. आणि महाराष्ट्रातून आलेले आपण? 'एष्टु री?' (केवढ्याला?) विचारायला शिकलो तर आपली मराठी बाटेल, असं धरून चालतो. तुमच्या मुलीला शाळेत कन्नड आहे म्हणून तुम्ही रडताय. त्या मुलीला सहा महिन्यांत तुमच्यापेक्षा जास्त मैत्रिणी होतील, लिहून ठेवा.

भिशीला एखाद्या कन्नड शेजारणीला बोलवा. शिकवणी वगैरे नको, चहाला बोलवा. भाजी, रिक्षा, गॅसवाला, शाळेची बाई, दवाखाना, एवढ्यापुरती वीस-पंचवीस वाक्यं तिच्याकडून घ्या आणि तिच्यासमोर चुकीची बोलून दाखवा. ती हसेल. हसली की ओळख झाली.

आता 1 नोव्हेंबर. दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर आहेत, पण भिशीच्या नावाने बोलायला गेले तिथे बिघडलं. एक माणूस फेरीत जातो, तो त्याचा प्रश्न. त्याने मात्र आधी माहिती करून घ्यावी. परवानगी नाकारली जाते, तरी फेरी निघते, मग गुन्हे दाखल होतात, असं बऱ्याच वर्षांत झालंय. सरकारी नोकरीत किंवा बँकेत असेल तर सेवानियम वाचावेत. लष्करातल्या घरांनी तर त्या वाटेलाच जाऊ नये. आणि जायचंच असेल तर एखाद्या स्थानिक माणसाबरोबर, मागे, गप्प चालायला जावं. सेल्फी काढून कोल्हापूरच्या मित्रांना पाठवायला जाणाऱ्यांचा इथल्या लोकांना तिटकारा आहे. दुसऱ्या बाजूने, ऑफिसातल्या राज्योत्सवात जाऊन मिठाई खाल्ली म्हणून कुणी मराठीद्रोही होत नाही. ज्याच्याबरोबर वर्षभर मशीनवर उभं राहायचं त्याच्या सणाला माणूस जाणारच.

पण 'आपण पाहुणे, यात पडायचं नाही' हे वाक्य मला पटलं नाही. पाहुणे म्हणवून घेतलं की कसलीच जबाबदारी उरत नाही. तुम्ही भाडेकरू आहात, कर भरता, मुलं इथल्या शाळेत आहेत. वादात पडायचं की नाही हा भाग निराळा, वाद समजून तरी घ्या. इतिहास माहीत नसताना फॉरवर्ड करणारे आणि इतिहास माहीत नसताना हात झटकणारे, दोघांनी मिळून ती तीन घरं घालवली.

फॉरवर्डचा बंदोबस्त करा. ग्रुप फक्त कामासाठी ठेवा: कुठल्या दवाखान्यात कोण डॉक्टर, मोलकरीण हवी आहे, आज बस सुटल्या का. शेवटचा प्रश्न इथे खरोखरच कामाचा आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बाळेकुंद्रीकडे जाणाऱ्या बसमध्ये भाषेवरून वाहकाला मारहाण झाली, मग त्याचे पडसाद उमटले आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या अडल्या. अशा वेळी घरी बसून व्हिडिओ फिरवण्यापेक्षा मिरजेची रेल्वे किती वाजता आहे, हे कुणीतरी ग्रुपवर टाकलं तर चौदा घरांचा जीव भांड्यात पडतो.

सगळ्यांत महत्त्वाचं शेवटी ठेवलं होतं, कारण ते ऐकायला थोडं अवघड आहे. नुसतं एकमेकांना धीर द्यायला जमलेली माणसं काही दिवसांनी एकमेकांचा धीर खचवतात. तक्रारीची तक्रारीशी स्पर्धा लागते. तुमच्या भिशीला बाहेरचं काहीतरी काम हवं, आणि ते तुमच्या समोर पडलेलं आहे. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यांत चंदगड, गडहिंग्लज, सिंधुदुर्गातून पेशंट येतात. पेशंट आत, आणि नातेवाईक हातात फाइल धरून काउंटरसमोर. कुठल्या मजल्यावर जायचं कळत नाही, पाटी वाचता येत नाही, जेवायचं कुठे माहीत नाही. तुमच्यात दवाखान्यात काम करणारं एक घर आहेच. त्यांना विचारा, परवानगी काढा, आठवड्यातून एक दिवस दोघी-दोघींनी जाऊन उभ्या राहा. डबा द्या, फॉर्म भरून द्या, त्या वीस वाक्यांतली पाच वापरा. दोन वर्षांपूर्वी तुम्ही जशा गोंधळून उभ्या होतात तसं कुणीतरी उभं दिसेल आणि तुम्हाला रस्ता माहीत असेल. नंतरच्या भिशीत लाइटबिलाचा विषय निघाला तरी फार टिकणार नाही.

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत साहित्य संमेलनं होतात. शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या वर्गणीवर. सकाळी ग्रंथदिंडी निघते, पोरं लेझीम खेळतात, बाया नऊवारीत डोक्यावर कळस घेऊन चालतात, मंडपात दुपारी उशिरापर्यंत माणसं कविता ऐकतात. नाशिकमध्ये मराठी आपोआप मिळते, इथे ती अशी राखावी लागते. एकदा जाऊन बघा. पाहुणे म्हणून पुढच्या खुर्च्यांवर बसू नका, पंगतीत वाढायला उभ्या राहा. बातमी 'तरुण भारत'मध्ये येतेच, दोन-चार दिवस आधी.

बाहेर पडलेल्या तीन घरांना ग्रुपवर परत घेऊ नका. म्हणजे लगेच नको. घरी जा, एकेकाकडे, मिस्टरांना घेऊन. 1 नोव्हेंबरचा विषय त्यांनी काढला तर ऐकून घ्या, तुम्ही काढू नका. दवाखान्याच्या कामाला या म्हणावं. तिथे कुणाचं मत काय हे विचारायला कुणाला वेळ नसतो. आणि भिशी एकट्या तुमच्या नावावर आहे, तेही बदला. दर सहा महिन्यांनी दुसरं घर. ओझं एकटीने वाहिल्यामुळे सगळ्यांची निराशा तुमच्या अंगावर येतेय.

राहता राहिली तारीख. बेळगावातले तापायचे दिवस आधीपासून ठरलेले असतात: 1 नोव्हेंबर, डिसेंबरचं सुवर्ण विधानसौधातलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आणि त्याच वेळचा समितीचा महामेळावा, 17 जानेवारी, 1 जून. कॅलेंडरवर खुणा करा. डिसेंबरची भिशी अधिवेशनाचा आठवडा टाळून ठेवा, त्या दिवसांत हॉटेलात खोली मिळत नाही आणि रस्ते बंद असतात. सासू-सासऱ्यांना बोलवायचं असेल तर त्या आठवड्यात एमएचच्या गाडीने बोलावू नका, रेल्वेने येऊ द्या.